मिठागराची झडप

ठाणे

प्रिय मालनताईस,

मंजुळेचा वाकून नमस्कार. आम्ही खुशाल आहोत. तुझा गुडघा कसा आहे?

थंडीचे तुतवार पक्षी आलेत. ओहोटीला खाडीच्या चिखलात चरतात, भरतीला आमच्या बंद मिठागरात विसावतात. यंदा तिथे पाणी तुंबलंय, एवढ्याशा पायांना टेकायला जागा नाही.

म्हणून हे रोज ओहोटीला कमरेभर पाण्यात उतरून बांधातली झडप उघडतात, तुंबलेलं पाणी खाडीत सोडतात. "अहो, हृदयाचं ऑपरेशन झालंय तुमचं!" म्हटलं, तर म्हणाले, "ओरडू नकोस, पाखरं बिचकतात."

काल भरती चढू लागली, तरी खाडीचं पाणी आत येऊ नये म्हणून हे झडप लावत पाण्यातच. पक्षी उतरले म्हणे. मी बांधावरून पाण्यात यांचं डोकंच शोधत होते.

शाळेत सिस्टरांनी आपल्याला शिकवलेली प्रार्थना भीतीने अर्ध्यावर विसरते गं. पुढची ओळ लगेच कळव.

तुझी धाकटी,
मंजू