टोलबूथमधली पाचवी कोठडी

७ जून २००४
पोचले एकदाची! वीणामावशीनं प्लेनोहून चार तास ड्राइव्ह करून आणून सोडलं. गावाचं नाव किलब्रे. टेक्सासच्या माळावर हे अस्सल स्कॉटिश गाव! दीडशे वर्षांपूर्वी आलेल्या लोकांनी स्कॉटलंडमधला आपला टोलबूथ दगड न् दगड सुटा करून जहाजानं इथं आणला आणि पुन्हा उभा केला. टोलबूथ म्हणजे त्यांचा जुना तुरुंग. मावशी समजत होती, मी हायवेवर टोल घेणार! जुन्या इमारतींचं जतन शिकणाऱ्या मुलीला याहून झकास इंटर्नशिप मिळायची नाही. टोलबूथवरचं घंटाघर, विणकराचं घर, चर्च, सगळं आजच पाहून टाकलं. पंधरा ऑगस्टला आई पहिल्यांदा अमेरिकेत येतेय. तिला घ्यायला डॅलस एअरपोर्टवर मी हजर असणार.

१६ जून
गाइडचं काम जमलं. कोठड्या पाच. चारांत मेणाचे कैदी बसवलेत, पाचवी रिकामी. आमच्या मॅनेजर मिसेस लेडलॉ बोलायला गोड, पण नियमाला कडक. पाचवीतून निघताना गाइडनं अवाक्षर काढायचं नाही म्हणाल्या. तिथली जुनी कैदी इझोबेल म्हणे लेकराला बघून परत येते असं वचन देऊन गेली, ती आलीच नाही. कोठडी अजून वाट बघतेय. मी ही गोष्ट तिखटमीठ लावून सांगते, टुरिस्ट खूश होतात.

२९ जून
संध्याकाळी पाचवीला कुलूप लावताना मिसेस लेडलॉंनी हटकलं, रोज काय पुटपुटतेस? मी म्हटलं, ‘येते’. आम्ही निघताना ‘जाते’ म्हणत नाही, अशुभ असतं. घर असो, देऊळ असो, ‘येते’ म्हणूनच निघायचं. जीभच तशी वळलेली. मग इंग्रजीत अर्थ सांगितला: मी परत येईन. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. किती वेळा म्हणालीस, विचारलं. रोजच, मी म्हटलं. त्या घाईघाईनं निघून गेल्या. कमाल आहे बाईची.

१० जुलै
वीकएंडला मावशीकडे निघाले. बसमध्ये खिडकीपाशी बसले, ऊन लागत होतं, डोळा लागला. जाग आली ती पाचव्या कोठडीतल्या दगडी बाकावर. बॅग मांडीवर, हातात बसचं तिकीट. डोकं ठिकाणावर आहे ना माझं?

१८ जुलै
पायी निघाले. वेशीपर्यंत नीट चालता येतं. पुढचं पाऊल टाकलं की कोठडीतली फरशी. चारदा करून पाहिलं. फोनवर मी ओरडते, मावशीला ऐकूच जात नाही. भीती वाटतेय. खूप.

२ ऑगस्ट
आता दारही ओलांडता येत नाही. टुरिस्ट आले की अंग ताठ होतं, पापणीसुद्धा हलत नाही. ते गेले की फक्त बोटं चालतात — म्हणून हे. मिसेस लेडलॉंनी बाहेर पाटी लावली, ‘इझोबेल’. लावताना रडत होत्या. म्हणाल्या, शब्द तू दिलास, तो माझ्या हातून सुटायचा नाही.

१५ ऑगस्ट
आईचं विमान उतरलं असेल. कोण गेलं असेल घ्यायला —

१७ ऑगस्ट
आई आली होती. मावशीबरोबर, मला शोधत. मिसेस लेडलॉंनी त्यांना सांगितलंय, मी काम सोडून गेले. आई गजांपाशी थांबली. इतकी जवळ, की तिच्या साडीचा वास आला. म्हणाली, “वीणा, ही बाहुली बघ गं. आपली यामिनीच बसल्यासारखी वाटते.” मी आतल्या आत किंचाळत होते. पापणी हलली नाही.

आता वर घंटाघर बघायला गेल्यात. उतरायचा जिना इथूनच.

आई पुन्हा थांबेल. मी तिला ओळखते — लेकीसारखी दिसणारी बाहुली, तिचा निरोप घेतल्याशिवाय ती निघायची नाही. आणि निघताना —

आई, नको. मुकाट्यानं निघ. नाहीतर ‘जाते’ म्हण. एकदाच, अशुभ तर अशुभ, ‘जाते’ म्हण गं —

जिन्यावर चपला वाजताहेत. बोटं ताठत चाललीत, अजून जेमतेम हलताहेत. थांबली. हात जोडलेत तिनं, ओठ