गडग्यावरची तोफ

रत्नागिरी, २२ एप्रिल २०२५

ती. स्व. मथुरामावशीस, निलेशचा सा. न. वि. वि.

फोन लावायला हात धजत नाही, म्हणून पत्र. धोंडूच्या डोळ्याचं काय झालं? त्या दिवशी दुपारच्या एसटीने तोंड लपवून पळालो आणि इथे कॉलेजात तोंड वर करून शिकवतोय. लाज वाटते.

वर्गात विषयही नेमका आपोआप नेम धरणाऱ्या तोफांचाच चालू आहे. दुसऱ्या महायुद्धात विमानं इतकी वेगवान झाली की हाताने तोफ फिरवणारे मागे पडू लागले. मग विमान पुढच्या क्षणी कुठे असेल ते यंत्रच ताडू लागलं, तोफ आपोआप तिकडे वळू लागली. तशीच छोटी तोफ मी तुझ्या बागेच्या दगडी गडग्यावर वानरं हाकलायला बसवली, मातीच्या गोळ्या घालून. जुनी खोटही तशीच उतरली: यंत्र धरून चालतं की समोरचा सरळच जाणार. गडग्यावरून धावणारं वानर मधेच मागे फिरलं आणि गोळी गेली ती पुढे उभ्या राखणदार धोंडूकडे. आता एक दुरुस्ती सुचली आहे, ती सवडीने कळवीन.

रागावलीस तरी मला टाकू नकोस.

तुझा निलेश

राजापूर, २७ एप्रिल

चि. निलेशला मथुरामावशीचे अनेक आशीर्वाद.

धोंडूची नजर वाचली. भुवईला टाके आहेत, वर पट्टी आहे. तरी काल बागेत येऊन आंबे उतरवण्यावरून मला चार गोष्टी ऐकवून गेला.

पण बाबा, तुझ्या पत्रात धोंडू एका ओळीत आणि तोफ पानभर. त्या दिवशीही तसंच झालं. तो डोळा धरून खाली बसला आणि तू धावलास यंत्राकडे. मी पडवीतून पाहत होते. त्याला उचललं मी आणि त्याच्या बायकोने, सगुणाने.

धोंडू मात्र वाडीभर सांगतो की निलेशदादा मोठे हुशार, आणखी कुणाला लागू नये म्हणून आधी मशीन बंद करायला धावले. मी त्याला काही बोलले नाही. खरं काय ते तुला ठाऊक.

आंब्याची पेटी कुणाबरोबर पाठवणार नाही, येऊन ने. माया आहे तशीच आहे.

तुझी मावशी

रत्नागिरी, ३० एप्रिल

ती. स्व. मावशीस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मान वर होईना. यंत्र बंद करायला मी गेलोच नव्हतो. नेम कुठे चुकला, ते आकडे पडद्यावरून जायच्या आत पाहायला धावलो. यंत्र चालूच होतं. गोळ्या संपल्या म्हणून थांबलं. धोंडू कण्हत होता, मला ऐकू येत होतं, तरी मी आकडे वाचत होतो.

येत्या रविवारी पहिल्या गाडीने येतोय. आंबे नकोत. तू त्याला काही सांगू नकोस; मीच सांगणार, सगुणावहिनींच्या समोर. त्यानंतर तो मला दादा म्हणेल की नाही, कोण जाणे.

लोभ असावा असं लिहायला आज हात रेटत नाही. नुसताच नमस्कार.

निलेश