ताठ मान योजना

९ जानेवारी १९३५, सकाळ
आजपासून नियमित लिहिणार. गेल्या वर्षीही ठरवलं होतं, पण तेव्हा दौत गळकी होती.
माझा सिद्धांत पक्का झाला. मान ताठ असली की तोल आपोआप सांभाळला जातो आणि सांधे मोकळे होतात. म्हणजे माझ्यासारख्या ड्रिल मास्तराने फक्त मान सुधारायची, बाकीचं शरीर मुकाट मागे येतं. ११ फेब्रुवारीला शाळा तपासायला इन्स्पेक्टरसाहेब येणार, त्यांना हेच दाखवायचं. हेडमास्तर म्हणाले, करा काय ते, पण आवाज कमी करा.

१० जानेवारी
सिद्धांत सुचला कसा, याची नोंद राहावी. पेठकडची चिमणाबाई डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन पंचवटीत विकायला येते. चालताना मान जराही हलत नाही. तिला कारण विचारलं. म्हणाली, ल्हानपणापासनं वजन हळूहळू वाढवलं, आन् डोक्यावर फडक्याची चुंबळ लागतेच, नाय तर मान खचते. बायकांची चुंबळ मुलांच्या डोक्यावर शोभणार नाही. वगळली. हळूहळूला वेळही नाही.

१२ जानेवारी
मोजणी. गवंड्याकडून ओळंबा आणला. दोरी कानाशी धरायची, ती खांद्याच्या किती पुढे लोंबते ते बोटांनी मोजायचं. चाळीस मुलं मोजली. मग प्रत्येकाला एका पायावर उभं केलं, मग वाकून अंगठे धरायला लावले. निकाल फार आशादायक. एवढंच की ताठ मानेची बारा मुलं पडली. सकाळी नीट खाल्लं नसणार. त्यांची नावं गाळली.
अडचण एकच. नजीर. मालेगावच्या लियाकत विणकरांचा मुलगा, इथे मामाकडे राहून शिकतो. मान चार बोटं पुढे, सगळ्यांत वाईट. आणि एका पायावर सगळ्यांत जास्त वेळ तोच उभा. वाकला तर तळहात जमिनीला. वर हसत होता.

१४ जानेवारी
संक्रांत. सुट्टी. घरच्यांनी माझी मान मोजायला ओळंबा मागितला. दिला नाही.

१७ जानेवारी
नजीरची मान कशाने बिघडली ते कळलं. दिवसभर चौकटीच्या कागदावर लुगड्याच्या काठाची नक्षी काढत बसतो. मार्चमध्ये ड्रॉइंगची परीक्षा आहे. पास झाला तर बाप त्याला मागावर बसवणार नाही, नक्षी काढायच्या कामाला लावणार. चित्रकलेचे रंगनाथ मास्तर म्हणाले, असा हात दहा वर्षांत पाहिला नाही. असेल. पण मानेचं काय? योजनेचा नमुना म्हणून त्यालाच निवडलं. डोक्यावर वाळूची दोन शेरांची पिशवी, बाकावर एका पायावर, पाय बदलत, रोज अर्धा तास.

२४ जानेवारी
मान चारावरून दोन बोटांवर. नजीर म्हणतो, उजव्या हाताला मुंग्या येतात. उत्तम. आखडलेल्या नसा मोकळ्या होताहेत. पिशवी चार शेरांची केली.

३१ जानेवारी
नजीर दोनदा बाकावरून पडला. पूर्वी पडत नसे. शरीर जुना चुकीचा तोल विसरलंय, नवा अजून यायचाय. शिपाई सावळीराम म्हणाला, मास्तर, पोरगं पाण्याचा पेला दोन हातांनी धरतंय, जरा थांबा. शिपायाला यातलं काय कळतं. तरी दोन दिवस थांबायचं ठरवलं.

१ फेब्रुवारी
थांबलो नाही. दिवस फार कमी उरलेत.

७ फेब्रुवारी
रंगनाथ मास्तरांनी बोलावून नजीरची वही दाखवली. रेघा थरथरलेल्या. एका पानावर पेन्सिल पार कडेपर्यंत घसरत गेलेली. मी म्हणालो, परीक्षेची भीती. त्यांनी वही मिटली. हळवा माणूस. नजीरला स्वतः विचारलं, दुखतं का. नाही म्हणाला. मग झालं तर. विचारलं तेव्हा पिशवी त्याच्या डोक्यावर होती.

११ फेब्रुवारी, संध्याकाळ
यश. मान ओळंब्याशी बरोबर. साहेबांनी स्वतः घड्याळ धरलं. नजीर पाय न बदलता बहात्तर सेकंद उभा. माझा रिपोर्ट साहेबांनी मागून घेतला. बाकावरून उतरल्यावर नजीरला पाटी उचलता येईना. थकवा. लवकर घरी पाठवलं.

२० फेब्रुवारी
नजीर नऊ दिवस आला नाही. डॉक्टर म्हणे सांगतात, मानेतली नस दबली, बोटं पुन्हा चालतील की नाही सांगवत नाही. डॉक्टर लोक घाबरवतातच. बघायला जाणार होतो. चप्पल तुटली.

२ मार्च
लियाकतभाई मालेगावहून आले. नजीर बरोबर. शाळा सोडल्याचा दाखला हवा होता. ते भांडतील म्हणून मी उत्तरं तयार ठेवली होती. ते म्हणाले, मास्तरसाब फार मेहनत घेतात असं पोरगा मामाच्या घरी सांगायचा, तुमचे उपकार आहेत, आमच्याच नशिबात नव्हतं. एकही उत्तर कामाला आलं नाही.
दाखल्यात कारणाचा रकाना असतो. मी 'घरगुती अडचण' लिहिलं. दाखला मिळाल्याची सही नजीरने डाव्या हाताने केली. फार वेळ लागला. मला तिथे उभं राहवेना. त्याचा हात मी घालवला. हे फक्त इथे लिहितोय, तिथे बोललो नाही.
ते गेल्यावर हेडमास्तरांनी साहेबांचं पत्र दिलं. योजना जिल्ह्यातल्या अकरा शाळांत लागू, सोमवारपासून मी शाळाशाळांत जाऊन शिकवायची. नाही म्हणायला तोंड उघडलं. हेडमास्तर म्हणाले, अभिनंदन. मी थँक यू म्हणालो.