बाबांचा खांदा

लेम्पी,

बाबांना हॉस्पिटलला नेते आहे, अँब्युलन्स दारात आहे. सौनातली वाफेची चूल विझवली आहे. पुन्हा पेटवू नकोस. "बर्फ उपसून खांदा भरलाय, सौनात शेकला की झालं," असं बाबा म्हणतात. आईसुद्धा शेवटच्या दिवशी हेच म्हणाली होती.

मी खांदा दाबला, हात वर करून पाहिला. दुखणं वाढलं नाही, म्हणजे खांद्याचं नाही, हृदयाचं असेल. पायऱ्या चढल्या की मात्र हात दुखतो, घाम येतो, बसलं की थांबतं. हे त्यांनी रविवारी तुला फोनवर सांगितलं. शेजारच्या खोलीत राहणाऱ्या मला, "काही नाही गं." आत्ता स्वेटर चढवतानाही विचारलं, "लेम्पी आली का?" हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.

दुकानातून आलीस की तशीच हॉस्पिटलला ये. डॉक्टरांनाही ते माझ्यासमोर "काही नाही" म्हणतील. तू विचारलंस तर खरं सांगतील.

सिर्का