खाली जागा

अर्विंग, टेक्सस
२ नोव्हेंबर १९८६

प्रिय नंदा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र पोचलं. शॉमबर्गला बर्फ पडायला लागला आणि तुझ्या गाडीची बॅटरी बसली, हे वाचून इथे मला उकाड्यात हसू आलं. हार्टच्या वॉर्डातली नर्स, आणि स्वतःच्या गाडीला रोज धक्का मारून घेते!

हे पत्र मी लायब्ररीत बसून लिहिते आहे. फोनवर बोलायची सोय नाही. स्वयंपाकघरात मी फोन उचलला की बेडरूममधला दुसरा हे उचलतात. मार्चमध्ये ह्यांना काय झालं ते तुझ्याशिवाय कोणालाही ठाऊक नाही. हार्ट अटॅक हा शब्द घरात काढायचा नाही. ऑफिसात पित्त सांगितलं, माझ्या भावाला, शैलेंद्रलाही पित्तच. डॉक्टर बायपास करून घ्या म्हणाले, तर हे त्यांच्यावरच ओरडून उठून आले. मग लेकीच्या, सुमेधाच्या डोक्यावर हात ठेवायला लावून माझ्याकडून शपथ घेतली, की कोणाला सांगणार नाही. तुला मी आदल्याच दिवशी सांगून बसले होते, म्हणून तू तेवढी सुटलीस.

आता डेन्व्हरहून शैलेंद्रचं आमंत्रण आलं आहे. नाताळच्या सुट्टीत डोंगरात, पाच दिवस, स्कीइंगला. हे ऐकताक्षणी हो म्हणाले. मी डॉक्टरांना गुपचूप विचारलं. पायथ्याच्या गावात, सात हजार फुटांपर्यंत राहिलात तर एक वेळ चालेल, त्याच्या वर मुक्काम करायचा नाही, असं त्यांनी बजावलं. इथे जमीन पोळपाटासारखी सपाट, तरी घरातला जिना चढताना हे मध्येच थांबतात आणि भिंतीवरचा फोटो बघतात. आठ महिने रोज तोच फोटो बघतायत. मला फार भीती वाटते ग.

घरच्या पत्त्यावर लिहिलंस तर या विषयावर अवाक्षर नको. माझ्या कामाच्या पत्त्यावर पाठव. मुलांना गोड पापा, तुझ्यावरचा जीव आहे तिथेच आहे.

तुझी,
सुमित्रा


अर्विंग
६ नोव्हेंबर १९८६

चि. सौ. पद्मिनीस,
अनेक आशीर्वाद व जयभीम.

तुमचं आमंत्रण मिळालं. सुमेधा तेव्हापासून जमिनीवर नाही. साडी नेसून उतारावर उभी राहून माझी लाज काढू नकोस, असं तिने मला इंग्रजीत बजावलं आहे. तेरा वर्षांची झाली, आता आई म्हणजे तिला अडगळ. शैलेंद्रच्या स्कीइंगचं कौतुक ऐकलं. साताऱ्याला किल्ल्यावरून घसरत आला होता आणि चड्डीची मागची बाजू वरच ठेवून आला होता, ते त्याने तुला सांगितलं नसणार. दीड वर्ष झालं लग्नाला, आता कळलेलं बरं.

जागेचं तू बघणार आहेस असं त्याने लिहिलं आहे. घर कसंही चालेल. लहान असो, जुनं असो. माझी अट एकच. खाली जागा असेल तरच आम्ही येऊ. खाली जागा मिळाली नाही तर मनात काहीही न आणता तसं कळव, आम्ही पुढच्या वर्षी येऊ. कारण विचारू नकोस, नणंदेचा हट्ट समज आणि पुरव.

दोघांनी प्रकृतीला जपा आणि आम्हांला विसरू नका.

तुझी,
सुमित्राताई


डेन्व्हर
१९ नोव्हेंबर १९८६

ती. सौ. सुमित्राताईंना,
सविनय जयभीम, वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. सख्ख्या भावाकडे यायचं आणि इतका संकोच! पण हट्ट पुरवलाच पाहिजे, म्हणून कामाला लागले. एल्क फोर्क नावाचं गाव आहे, तिथलं मोटेल नाताळात गच्च भरलेलं. दुसऱ्या लॉजवर एकच खोली, तीही वाहनतळावर उघडणारी. मग एक लाकडाचं अख्खं घर कळलं, तीन खोल्या, शेकोटी, आपलं आपण रांधून खायची सोय. रोज फोन करून त्या बाईचा जीव खाल्ला. आणि ताई, ते घर खाली आहे! शेवटी तुम्हाला पाहिजे तशी खाली जागा भेटली बाप्पा, मी लगेच धरून ठेवली. दारातूनच स्की पायात अडकवून निघता येतं. सुमेधा खूश होईल.

छापील माहितीपत्रक सोबत पाठवते, भाऊजींना दाखवा. चड्डीची गोष्ट मी जेवताना काढली. ह्यांनी वरणाची वाटी तशीच ठेवली. अजून खूप गोष्टी पाहिजेत, त्या येताना घेऊन या.

भाऊजींना जयभीम, सुमेधाला आशीर्वाद. धाकटी म्हणून चुकलंमाकलं पोटात घाला.

तुमची,
पद्मिनी


शॉमबर्ग
२८ नोव्हेंबर १९८६

प्रिय सुमित्रा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

तुझं पत्र वाचल्यापासून मन थाऱ्यावर नाही. म्हणून थट्टा न करता लिहिते. उंचीवर हवा विरळ असते, बसल्या जागी हृदयाला जास्त काम पडतं. त्यात थंडी, त्यात पुरुषांची मर्दुमकी. आमच्या वॉर्डात दर हिवाळ्यात बर्फ उपसताना कोसळलेले चार-पाच तरी येतात, आणि आमच्या या शिकागोकडे डोंगर नाही.

पद्मिनीला सरळ पत्र टाक. घर किती फुटांवर आहे ते आकड्यात विचार, आणि का विचारतेस तेही सांग. शपथेचं काय घेऊन बसलीस? बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात वाढलेली तू, शपथ मोडली म्हणून पोरीचं काही होत नसतं. न सांगितल्याने मात्र होतं. हे माझं म्हणणं नाही, माझी तेरा वर्षांची नोकरी बोलते आहे.

उलट टपाली कळव. पत्र येईपर्यंत मी जिवाला घोर लावून बसले आहे, एवढं ध्यानात असू दे.

तुझीच,
नंदा


अर्विंग
९ डिसेंबर १९८६

प्रिय नंदा,
सप्रेम जयभीम, वि. वि.

रागावू नकोस, पण विचारायची वेळच आली नाही. तुझं पत्र यायच्या आतच पद्मिनीने स्वच्छ लिहिलं होतं, की घर खाली आहे. खाली जागा भेटली म्हणते! नागपूरकडे जागासुद्धा माणसासारखी भेटते. मी ते पत्र जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचलं आणि त्या भेटलीवर आम्ही दोघंही पोट धरून हसलो. किती महिन्यांनी हे असे हसले! माहितीपत्रक ह्यांनीच बघितलं. छान आहे, अगदी खालीच आहे, तू उगाच जीव टांगू नकोस, असं मला म्हणाले आणि घडी करून खिशात ठेवलं.

तरी जीव टांगलेलाच आहे. गोळ्यांची एक बाटली माझ्या पर्समध्ये, एक ह्यांच्या कोटात आणि एक माझ्या हातमोज्यात टाकली आहे. शपथ मानत नाही हे खरं, पण सुमेधाचे केस हाताला लागले होते ते आठवतं आणि पेन पुढे सरकत नाही. तू हसशील. हस. पण खाली घर मिळालं हे तरी भाग्यच ना?

काळजी करतेस त्याला दुसरं नाव काय द्यायचं? ती अशीच करत राहा.

तुझी,
सुमित्रा


एल्क फोर्कच्या वर, कोलोरॅडो
२६ डिसेंबर १९८६

प्रिय नंदा,

सकाळचे अकरा वाजलेत. हे पत्र टपालात कधी पडेल ठाऊक नाही, कारण रस्ता बंद आहे.

परवा दुपारी आम्ही गावात पोचलो. मी पिशव्या आवरायला घेतल्या, तर शैलेंद्रची गाडी गाव सोडून डोंगराच्या अंगाला लागली. वळणावर वळण. मी मागच्या सीटवरून ह्यांच्या मानेकडे बघत होते. घराच्या फाटकावर पाटी आहे, दहा हजार दोनशे फूट. मी पद्मिनीला बाजूला घेऊन विचारलं, की खाली म्हणाली होतीस ना? ती गोंधळली. म्हणाली, हो ताई, खालीच होतं, कोणीच राहत नव्हतं. नंदा, तिच्याकडे खाली म्हणजे रिकामं! मी खाली जागा असेल तरच येऊ असं लिहिलं, ते तिने रिकामी असेल तर येऊ असं वाचलं आणि बिचारीने जंग जंग पछाडून ती मिळवली. भेटलीला हसले मी, आणि खरी ठेच त्याच वाक्यातल्या दुसऱ्या शब्दाला लागली.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही, पण ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की ते मिटलं. काल दिवसभर हे शेकोटीजवळ बसून होते, ओठ निळसर, आणि विचारलं की थंडी आहे म्हणतात. मी त्यांचे श्वास मोजते. पोळ्या लाटताना मोजते, सुमेधा उतारावरून हात करते तेव्हाही मोजत असते. दर वेळी आकडा चुकतो आणि पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. काल संध्याकाळपासून बर्फ थांबलेला नाही. आता खाली न्यायचं म्हटलं तरी कसं नेणार?

ठरवलं आहे, शैलेंद्र आत आला की सगळं सांगून टाकायचं. शपथ गेली चुलीत. तो बाहेर गाडी मोकळी करतोय. पद्मिनीने थट्टेत म्हटलं, की भाऊजी, बसून अंग आंबेल, दोन फावडी मारा. मी अंघोळीला गेले होते. येऊन बघते तर खुर्ची रिकामी. खिडकीतून दिसतायत. फावडं बर्फात रोवून त्यावर रेललेत. शैलेंद्रशी बोलत असतील. नाही ग, शैलेंद्र तर पलीकडे


डेन्व्हर
३० डिसेंबर १९८६

ती. नंदाताई यांना,
सविनय जयभीम, वि. वि.

आपली ओळख नाही. मी सुमित्राताईंची भावजय. सोबतचं पत्र मला टेबलाखाली सापडलं. पत्ता शोधायला उघडलं आणि पूर्ण वाचून बसले, त्याबद्दल क्षमा करा. ते पूर्ण झालेलं नाही, म्हणून पुढचं मी लिहिते.

भाऊजी बर्फात पडले. ताई अनवाणी धावल्या आणि हातमोज्यातली गोळी काढून त्यांच्या जिभेखाली ठेवली. फोन केला, पण बर्फ काढणारं यंत्र पुढे आणि त्यामागे ॲम्ब्युलन्स, अशी वरात वर यायला दोन तास लागले. आता ते इथे हॉस्पिटलात आहेत, शुद्धीवर आहेत. डॉक्टर म्हणतात, बायपास लगेच केला पाहिजे, पुढचा झटका सहन होणार नाही. भाऊजी भिंतीकडे तोंड करून नाही म्हणतात. ताई त्यांच्या उशाशी बसून असतात. मला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत, तेच मला सहन होत नाही.

फावडी मारा असं मी म्हणाले हो. मी. मला ठाऊक असतं तर मी त्यांना खुर्चीतून उठू दिलं असतं का? खाली हा शब्द मी जन्मापासून असाच वापरते, त्याने एखाद्याचा जीव जायची वेळ येते हे कोणाला ठाऊक? पण नंदाताई, मला थोडं वाईटही वाटतं. मला परकी समजून सांगितलं नाही ना?

तुम्ही नर्स आहात हे ह्यांच्याकडून कळलं, पत्ताही त्यांनीच दिला. ताईंना फोन करा, भाऊजींना समजवा. वडीलकीच्या नात्याने दोन शब्द मलाही लिहा, त्यांची फार गरज आहे.

आपली,
पद्मिनी


डेन्व्हर
३ जानेवारी १९८७

सौ. सुमित्रा हिस,
सप्रेम जयभीम.

तू समोरच्या खुर्चीत बसून सुमेधाच्या स्वेटरची उसवण शिवते आहेस. मी ऑफिसला रजेचा अर्ज लिहितोय असं तुला वाटतंय, आणि एवढा लांब अर्ज कसला म्हणून दोनदा मान वर करून पाहिलंस. पंधरा वर्षांत मी तुला एकच पत्र लिहिलं, तेही व्हिसाच्या कागदांबद्दल. तेव्हा सवय नाही, सांभाळून घे.

पद्मिनीला रडू देऊ नकोस. नागपूरच्या हॉस्टेलात चार वर्षं काढलेला माणूस मी. खोली खाली आहे म्हणजे काय, हे मला कळणार नाही? तू टेबलावर पत्र वाचलंस त्याच क्षणी कळलं होतं. माहितीपत्रकावर तर उंचीचा आकडा छापलेलाच होता. तू भेटलीला हसलीस, मीही हसलो आणि कागद खिशात घातला.

का, ते सांगतो. वर पाच दिवस राहून धडधाकट परत आलो असतो, तर डॉक्टर खोटा पडला असता आणि ऑपरेशन टळलं असतं. एवढाच हिशेब. तू मला हट्टी समजतेस. तसंच समजावंस म्हणून तर डॉक्टरवर ओरडलो. मी हट्टी नाही ग, मी घाबरलोय. माझे वडील हर्नियाच्या ऑपरेशनला दवाखान्यात चालत गेले होते. मी अकरा वर्षांचा, त्यांच्या चपला मांडीवर घेऊन बाकावर बसलो होतो. संध्याकाळी कंपाउंडरने येऊन सांगितलं, की चपला घरी घेऊन जा. हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही, आईलाही नाही.

ती भीती मला पेलेना, म्हणून शपथ घालून तुझ्या गळ्यात मारली. दहा महिने तू ती एकटीने वागवलीस आणि मी मात्र फोटो बघत जिना चढलो. माझ्यापायी आपली पोरगी बर्फात बाप पडलेला बघत उभी राहिली. याची माफी कशी मागतात ते मला येत नाही.

आज सकाळी तू खाली कॉफी आणायला गेलीस, तेव्हा मी डॉक्टरांच्या कागदावर सही केली. सोमवारी सकाळी सात वाजता नेणार आहेत. मला अजूनही तितकीच भीती वाटते. ती तोंड वर करून सांगता येत नाही, म्हणून लिहिली.

आता हे पत्र तुझ्या हातात देतो आणि डोळे मिटून पडतो. वाचून झालं की काही बोलू नकोस. खुर्ची तेवढी जवळ ओढून घे.

लोभ तू केलासच. राग आला असेल तर तोही इथेच बसून कर.

तुझा,
चंद्रशेखर