सासऱ्यांची सहा सिलिंडरवाली

३ फेब्रुवारी
सासऱ्यांनी हिला गाडी देऊन टाकली! डोळ्यांमुळे त्यांना आता चालवता येत नाही. गाडी चाळीस वर्षं जुनी, पण बॉनेटखाली एका रांगेत सहा सिलिंडर. ही याच गाडीवर ड्रायव्हिंग शिकली. सासरे म्हणाले, सात मेला माझ्या वाढदिवसाला हिच्यातूनच घाट चढून माझ्याकडे या. घाटातून आवाज आला की मी स्वतः गेट उघडीन. ही रडली. मीही रडणार होतो, तेवढ्यात साडू म्हणाला, चढेल का ही घाट? त्याची इलेक्ट्रिक आहे. कपाटासारखी गप्प.
संकल्प: सात मेला घाटात साडूला मागे टाकणे.

८ फेब्रुवारी
गाडी छान चालते. म्हणजे नुसतीच चालते. यात काय मजा? नेटवर शोध सुरू. आपल्या इंजिनासाठी काय काय मिळतं! तीन कार्ब्युरेटरचा सेट, इंजिनाचा धूर बाहेर नेणारा सहा नळ्यांचा एक्झॉस्ट हेडर, रेसिंग कॅमशाफ्ट. प्रत्येकाने किती टक्के पॉवर वाढते त्याची बेरीज केली. गाडी दुप्पट होते. साडूची कीव आली.
मेकॅनिक म्हणाला, आधी ब्रेक बघून घेऊ. या माणसाला स्वप्नं पडत नाहीत.

१९ फेब्रुवारी
तिन्ही कार्ब्युरेटर मिळाले!! तीन वेगळ्या विक्रेत्यांकडून. दोन एकसारखे आहेत. तिसरा त्यांचा मावसभाऊ असावा. ट्यूनिंगमध्ये निघेल.

२ मार्च
हेडर आला. काय रूप! डायनिंग टेबलावर ठेवला. ही म्हणाली, जेवायचं कुठे?
गाडी गॅरेजात नेऊन जुना कार्ब्युरेटर आणि हेडरच्या जागचा जुना मॅनिफोल्ड काढायला लावला. मेकॅनिक म्हणाला, जपून ठेवा. छे! परतीचे दोर कापलेलेच बरे. दोन्ही नेटवर विकायला टाकले.

४ मार्च
विकले गेले! घासाघीस नाही, काही नाही. असे भाबडे लोक आहेत म्हणून जग चाललंय. एकच मेसेज होता: कार्ब्युरेटरच्या झाकणावर डावीकडे ओरखडा आहे ना? मग हवाच. फोटोत तर ओरखडा दिसतही नाही. कोणी मोठा जाणकार असणार. पार्ट गॅरेजातच राहू द्या म्हणाला. माझा हेलपाटा वाचला.

२१ मार्च
हेडर बसत नाही. तो उलट्या बाजूला स्टीअरिंग असलेल्या गाडीचा निघाला. आपल्या स्टीअरिंगचा दांडा बरोब्बर नळ्यांना अडतो. मेकॅनिकने फिरवून दाखवलं. डावीकडे वळते, उजवीकडे नाही.
काम: घाटात उजवी वळणं किती आहेत ते बघणे.

१२ एप्रिल
कॅमशाफ्ट आला. चार सिलिंडरचा. विक्रेत्याला विचारलं, उरलेल्या दोघांचं काय? म्हणाला, बघतो. माणूस सज्जन वाटला.

२९ एप्रिल
तीन कार्ब्युरेटर लावले की बॉनेट बंद होत नाही. सोपं आहे, बॉनेट कापायचं. कटर घेऊन निघालो तर हिने तो हातातून काढून घेतला आणि मला गॅरेजची वाट बंद केली. थकलोय म्हणे मी. किती काळजी करते!

६ मे
सासऱ्यांचा फोन. गेटच्या बिजागऱ्यांना तेल घातलंय म्हणाले. म्हातारा वाट बघत बसणार आणि गाडी उघड्या बॉनेटची गॅरेजात. हिला म्हटलं, आता? ही म्हणाली, तू साडूबरोबर नीघ. मी मागून येते. कशातून, हे विचारायची हिंमत झाली नाही.

७ मे
साडूच्या गाडीत मागे. मांडीवर केक. अर्ध्या घाटात आवाज आला. सहाच्या सहा सिलिंडर! अंगावर काटा आला. वळण संपताच सासऱ्यांची गाडी आम्हाला ओलांडून सुसाट पुढे. स्टीअरिंगवर ही. हात हलवून गेली. मी टाळ्या वाजवल्या, केक कलंडला. संकल्प तडीस गेला, याची नोंद असावी.
पुढच्या सीटवरून मेहुणी म्हणाली, जुने पार्ट तिनेच तर घेतले तुमच्याकडून. तो ओरखडा ती गाडी शिकत असताना पाना निसटून तिच्याच हातून पडलाय. सगळ्यांना माहीत होतं. साडू बराच वेळ खोकत राहिला.
पोचलो तेव्हा गेट बंद. आत हसणं-खिदळणं चाललेलं. आमच्या गाडीला आवाजच नाही, त्यामुळे कोणाला पत्ता नाही. शेवटी मी केक सावरत उतरलो आणि कडी वाजवली.
आतून सासऱ्यांनी विचारलं, कोण आहे?