खालच्या ओळीतले दगड आणि दातांचे डॉक्टर

ती. मासुए वन्सं यांस,

कुनिएचा वाकून नमस्कार. सेंदाईला आता सकाळी अंगावर जाडसर काहीतरी घ्यावं लागत असेल. इकडे आमच्या बंदरात सप्टेंबर निम्मा सरला तरी दुपारी पंखा बंद करवत नाही. तुमचा गुडघा कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही ‘बरा आहे’ एवढंच लिहिलंत, आणि तुम्ही एवढंच लिहिता तेव्हा तो बरा नसतो हे मला ठाऊक आहे. तुम्ही घरी आंबवलेल्या सोयाबीनच्या मिसोचा डबा पोचला. (डब्याची चिकटपट्टी एकदा सोडवून परत लावल्यासारखी दिसली. हे म्हणतात, पोस्टातली माणसं लोकांचा मिसो चाखत बसत नाहीत. बसत नसतील. मी दिसलं ते लिहिलं.) यांची तब्येत उत्तम आहे, खरं तर जरा जास्तच उत्तम आहे. फेरीबोटीच्या धक्क्यावरून निवृत्त झाल्यापासून हे दिवसभर घरी असतात, आणि आयुष्यभर बोटी सुटण्याच्या वेळा पुकारायची सवय असल्यामुळे मी उठले की ‘उठली’, चहा उकळला की ‘उकळला’ असं खणखणीत आवाजात जाहीर करतात. म्हणून मी दर गुरुवारी टेकडीवरच्या देवळामागच्या जुन्या दफनभूमीत जाते. तिथे शांतता असते.

तुम्ही लहानपणी त्या पायऱ्यांवर खेळलात, तेव्हा जागा तुम्हाला माहीत आहेच. आता आम्ही चारदोन बायका तिथल्या थडग्यांच्या जुन्या दगडांची निगा राखतो. म्होरकी आमची मुत्सुको, म्हणजे माशांच्या वड्यांच्या दुकानाची मालकीण. कमरेला डासांच्या उदबत्तीचा डबा, गळ्यात पंचा, हातात मऊ ब्रश आणि बांबूची काडी. तारेचा ब्रश आणला तर मुत्सुको तो दरीत फेकते (माझा फेकला). पाणी ओतायचं, शेवाळ भिजू द्यायचं आणि काडीने कोरीवकामाच्या खाचेतून हळूहळू उकरायचं. काम इतकं संथ की एका गुरुवारी कानाएवढी जागा झाली तरी आम्ही एकमेकींना बोलावून दाखवतो. सगळ्यांत सुंदर दगड खालच्या ओळीत आहेत. एक पैलवानाचा, कमरपट्ट्यासकट कोरलेला. एक पटावरचा गो खेळणाऱ्याचा, त्याचं जोतंच पटाच्या आकाराचं. एक बाहुल्यांच्या खेळात गाणाऱ्याचा, त्यावर तंतुवाद्य. आणि शेवटचा माझा लाडका, तोकुझाएमोन नावाच्या पिंपं बनवणाऱ्याचा. या गृहस्थाचा अख्खा दगड म्हणजे साके दारूची गोल पोटाची बुधली आहे आणि वर टोपीसारखा पालथा पेला. मरतानासुद्धा माणसाला आपली आवड लपवावीशी वाटली नाही, याचं मला फार कौतुक वाटतं. त्या पेल्याच्या काठावरची कोरलेली लाट मी स्वतः शेवाळातून मोकळी केली आहे.

तर या उन्हाळ्यात विश्वस्तांनी ठरवलं की वर गाडी यायला रस्ता हवा, आणि रस्त्यासाठी खालची ओळ हलवायची. ज्या दगडांचे वारस पुढे येतील ते दगड राहतील, रस्ता त्यांना वळसा घालून जाईल. ज्यांचं कोणी नाही ते उचलून मागच्या बाजूला एकावर एक रचले जातील. तसे फलक दगडांना बांधले: शरदातल्या पितरांच्या आठवड्याआधी नातेवाइकांनी मठपतींना भेटावं. (देवळाला मागे आग लागली तेव्हा जुन्या नोंदी जळाल्या, म्हणून तोंडी सांगितलेलं नातं चालतं.) मठपती म्हणजे जिक्काई, वडिलांच्या जागी नुकताच बसलेला. मुलगा नम्र आहे, पण पायांत धावायचे बूट घालतो, आणि इतकं शांत हसणारा माणूस मनात काय योजत असेल ते मला कधी कळलेलं नाही.

नेमके त्याच सुमारास निरासाकी डॉक्टर आमच्यात आले. हे दातांचे निवृत्त डॉक्टर, पलीकडच्या खाडीवरचे. पहिल्या दिवसापासून मला हा माणूस बरोबर वाटला नाही. एक तर त्यांचे हातमोजे पांढरे होते आणि संध्याकाळपर्यंत पांढरेच राहिले. दुसरं, त्यांनी चामड्याची गुंडाळी उलगडली तर आत दातांची हत्यारं, ओळीने, चकचकीत. तिसरं, ते छोटा आरसा कोरीवकामाच्या खाचेत धरून वाकून बघायचे आणि ‘हं’ म्हणायचे. त्या ‘हं’ने मला माझ्या दाढेची आठवण होऊन घाम फुटला. काम मात्र इतकं नाजूक की पैलवानाच्या कमरपट्ट्याचा पीळ पहिल्यांदा आम्हाला दिसला. मुत्सुकोला ते आवडले. मला आवडलेलं तिला आवडतं आणि मला न आवडलेलं तिला लगेच संशयास्पद वाटतं, ही तिची चांगली गोष्ट आहे, पण या वेळी तिला पटवायला मला अर्धा महिना लागला.

झालं असं, की एका गुरुवारी पैलवानाच्या दगडाचा फलक गायब. पुढच्या गुरुवारी गोवाल्याचा. मग गाणाऱ्याचा. तिन्ही दगड डॉक्टरांनी साफ केलेले! त्यातच मी त्यांना दगडांवर पातळ कागद ठेवून ठसे घेताना पाहिलं, आणि पायथ्याची फूलवाली म्हणाली की ते सोमवारीही येतात, एकटेच. सोमवारी आम्ही कोणी नसतो. वन्सं, तुम्ही म्हणाल मी उगाच वाईट बोलते, पण हिशेब तुम्हीच जुळवून बघा. माणूस दगड चकचकीत करतो, मापं घेतो, आणि नातेवाइकांना बोलावणारा फलक काढून टाकतो म्हणजे कोणी नातेवाईक यायलाच नको. शहरात अशा जुन्या कोरीव दगडांना बागेत ठेवायला गिऱ्हाईक मिळतं. मुत्सुकोच्या मावसभावाच्या अंगणातला दगडी दिवा तर दिवसाढवळ्या गेला. (तो नंतर मावसभावानेच विकल्याचं निघालं, पण गेला हे खरं.)

म्हणून मी सोमवारी पाळत ठेवायचं ठरवलं. एकटीने जाणं बरं दिसेना, म्हणून यांना घेऊन गेले. यांना काय सांगितलं हे विचारू नका. वर ताजे मशरूम उगवलेत असं सांगितलं. यांना एका मोठ्या व्यापाऱ्याच्या दगडामागे बसवलं, गप्प राहायला सांगितलं आणि मी वरच्या वाटेवर बांबूंच्या आड उभी राहिले. डॉक्टर आले. तोकुझाएमोनच्या बुधलीपुढे बसले आणि बराच वेळ नुसते तिच्याकडे बघत राहिले, जसं एखाद्या मोडक्या खुर्चीकडे आपण बघतो, ठेवावी की टाकावी. तेवढ्यात व्यापाऱ्याच्या दगडामागून घोरण्याचा आवाज. तुमचा भाऊ, वन्सं. सावली, वारा, पोटात दोन भातगोळे, माणूस आडवा झालेला. डॉक्टरांना वाटलं, कोणाला चक्कर आली. ते धावले, यांची नाडी बघितली, आणि तोंड उघडंच होतं म्हणून सवयीने आत डोकावले. हे जागे झाले तेव्हा यांच्या तोंडात आरसा होता. मी बांबूंतून बाहेर येईपर्यंत डॉक्टरांनी खालच्या डाव्या दाढेचं निदान केलं होतं आणि हे त्यांना मशरूम कुठे आहेत ते विचारत होते. त्या दिवसापासून या दोघांचं मैत्र जमलंय. संध्याकाळी धक्क्यावर बसून बोटींच्या वेळा बरोबर आहेत की नाही ते बघतात. पाळतीचा हा उपयोग झाला.

मग मुत्सुको आणि मी सरळ मठपतींकडे गेलो. जाताना रस्त्यात काय बोलायचं ते ठरवलं होतं: मी फलकांचं सांगायचं, तिने ठशांचं, आणि शेवटी दोघींनी मिळून उसासा टाकायचा. जिक्काईने चहा दिला. मी डॉक्टरांचं नाव काढताच त्याचा चेहरा उजळला. म्हणाला, “निरासाकींचं केवढं मोठं घराणं हो! पैलवान त्यांच्या वडिलांकडून, गो खेळणारे आईकडून, आणि गाणारे आजीच्या माहेरचे. सगळे इथे, एकाच ओळीत.”

मुत्सुकोने चहाचा घोट घेतला होता तो तसाच तोंडात राहिला. मला एकदम सगळं उलगडलं. माणूस पूर्वज गोळा करत होता. फलक त्याने काढले नव्हते, वारस मिळाला म्हणून देवळानेच काढले होते. आणि समोर हा मुलगा शांत हसत बसलेला, धावायचे बूट दाराशी नीट लावलेले. याला खरंच पटलंय, की हा मला जोखतोय? मी एक शब्द बोलले असते की ‘डॉक्टर तर पलीकडच्या खाडीवरचे, इथे त्यांचं कोणी नाही,’ तर तिन्ही दगड मागच्या ढिगात गेले असते. त्याने विचारलं, तुम्ही काही सांगायला आला होतात ना? मी म्हणाले, पाण्याच्या बादल्या गळताहेत. मुत्सुको म्हणाली, फार गळताहेत. आणि आम्ही ठरल्याप्रमाणे उसासा टाकला.

बाहेर पडून मी डॉक्टरांना गाठलं आणि पायऱ्यांवरच उभं केलं. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, तुमच्या आजीच्या माहेरी बाहुल्यांच्या खेळात कोण गात होतं? ते लाल झाले. पांढऱ्या मोज्यांतला एक काढला, परत घातला. मग खालच्या ओळीकडे बघत म्हणाले, “कुवाबारा बाई, मी आयुष्यभर दात उपटले. मधला एक काढला की शेजारचे दोन्ही कलायला लागतात. लोकांना वाटतं, एकाने काय होतंय.” त्यांची बायको वारल्यावर ते इथे नुसते चढून यायचे, दम लागला की खालच्या ओळीशी बसायचे. ओळखीचं कोणी नव्हतं, म्हणून पैलवानाशी बोलायचे. हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते, आणि मीही मग दुसरीकडे बघितलं. ठसे कशाला, तर उद्या काही राहिलं नाही तर कागदावर तरी असावं. मग मी बुधलीचं विचारलं. तर म्हणाले, ते जमणार नाही. वडील झाले, आई झाली, आजी झाली, दुसऱ्या आजीचं माहेर खरोखरच सगळ्यांना माहीत आहे. “माझ्याकडचे आजी-आजोबा संपले, बाई.”

असो. पत्र लांबलं. तुम्हाला दगडांच्या गोष्टींत काय रस, पण मनात आलं ते लिहिलं. विशेष कारण काहीच नव्हतं. गुडघ्याला जपा, थंडीत पायऱ्या कमी चढा, भावोजींना आमचा नमस्कार सांगा, आणि मिसो फार छान आहे हे मात्र खरं.

तुमची भावजय,
कुनिए

ता. क. कारण नव्हतं असं लिहिलं, पण एक बारीकशी गोष्ट राहिली. डॉक्टरांशी बोलून झाल्यावर मी पायऱ्यांवरून परत फिरले होते. जिक्काईला सांगितलं की बुधलीवाले तोकुझाएमोन हे कुवाबारांच्या घरातले, म्हणजे माझ्या सासरचे. तोंडातून निघून गेलं. त्याने विचारलं, सविस्तर कोणाला माहीत असेल? तर मी म्हटलं, आमच्या थोरल्या वन्संना सगळं पाठ आहे. तो तुम्हाला फोन करणार आहे. पितरांच्या आठवड्याआधी करेल. तुम्ही एवढंच म्हणायचं: हो, ते आमच्या आजोबांचे आजोबा, पिंपं बनवायचे, स्वभावाने प्रेमळ. बाकी विचारलं तर गुडघा दुखतोय म्हणा.

ता. क. २. मला ठाऊक आहे की तुम्ही तिकडच्या दारूबंदी महिला मंडळाच्या अध्यक्षा आहात आणि तुमच्या स्वयंपाकघरात भाजीत घालायची साकेसुद्धा येत नाही. तुमच्या खापरपणजोबांच्या थडग्याचा आकार बुधलीचा आहे हे मंडळात कोणाला कळायचं कारण नाही. सेंदाई फार लांब आहे.

ता. क. ३. पाकीट बंद करत होते तेवढ्यात जिक्काई स्वतः दाराशी येऊन गेला, धावत. म्हणाला, फोनवर विश्वस्त शेजारी बसून ऐकतील, तेव्हा वन्संना जरा मोठ्याने आणि न अडखळता बोलायला सांगा. “निरासाकी डॉक्टर आजीच्या नावापाशी फार अडखळले होते, सांभाळून घेताना माझी पंचाईत झाली.” एवढं बोलून हसला आणि गेला. म्हणजे याला पहिल्यापासून माहीत होतं! माझा संशय होताच.

ता. क. ४. अजून एक. घरातल्या थोरल्या वारसाने पितरांच्या आठवड्यात स्वतः यावं लागतं. दगडावर एक पेला ओतायचा आणि त्याच बाटलीतला एक विश्वस्तांसमोर आपण घ्यायचा, अशी रीत आहे. तुम्ही काळजी करू नका. साके आणि पाणी दिसायला सारखंच, मी बाटलीत पाणी भरून ठेवते, असं मी यांना सांगितलं. तर हे इतके हसले की डॉक्टरांनी केलेलं दाढेतलं नवं भरण निखळेल असं मला वाटलं. म्हणाले, “अगं, ताईला पाणी दिलंस तर ती परत तुझं तोंड बघायची नाही.” पुढे काही सांगायला तयार नाहीत. मीही विचारलं नाही. फक्त बाटलीत काय भरू, तेवढं उलट टपाली कळवा. कार्डावर नको, बंद पाकिटात.